टिनाखालचं नागपूर: उष्णतेच्या नकाशाच्या नोंदी, फेब्रुवारी ते जून २०२४

११ फेब्रुवारी

पूर्व नागपुरात रेल्वेलाइनीला लागून असलेल्या काही वस्त्यांमध्ये एक छोटी संस्था दर उन्हाळ्यात पाणपोया लावते, सावलीसाठी हिरव्या जाळ्या बांधते आणि पैसे उरले तर टिनाच्या छपरांना पांढरा रंग मारून देते. जागा ठरतात ओळखीपाळखीने. ज्याच्या दारात चहा मिळतो त्याच्या दारात जाळी, असं संस्थेतलेच लोक हसत सांगतात. यंदा त्यांना नकाशा हवाय. सगळ्यात जास्त तापतं कुठे ते दाखवा, तिथे आधी जाऊ, एवढीच मागणी.

मी एका खासगी ऑफिसात जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करायचं, काम करते. जोडीला एक इलेक्ट्रॉनिक्सवाला दादा आणि घरोघर फिरायला समाजकार्याचे विद्यार्थी. सगळं फुकटच्या साधनांवर करायचं: नकाशे करायला क्यूजीआयएस, रस्त्यांसाठी लोकांनीच भरलेला ओपनस्ट्रीटमॅप, उपग्रहचित्रांच्या हिशेबाला गूगल अर्थ इंजिन, फोनवरच्या सर्वेक्षणाला कोबो. लॅपटॉप आठ जीबीचा. अकोला आणि चंद्रपूरच्या ओळखीच्या गटांनी "तुमचं झालं की आम्हालाही सांगा" म्हटलंय, त्यांच्यासाठी या नोंदी.

१८ फेब्रुवारी

सुरुवात लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांपासून. लँडसॅट ८ आणि ९ मिळून साधारण दर आठ दिवसांनी शहरावरून जातात. २०१९ ते २०२३ च्या एप्रिल-मेमधली ढग नसलेली चित्रं घेतली आणि अर्थ इंजिनमध्ये त्यांचा मध्यक (मधोमध येणारा आकडा) काढला. एकाच दिवसाच्या चित्रावर नकाशा करू नका. आदल्या दिवशी वळीव पडला असेल तर अर्धं शहर उगाच थंड दिसतं.

उतरवलेल्या फाइलमध्ये तापमान नसतं, पन्नास हजारांच्या आसपासचे आकडे असतात. त्याला ०.००३४१८०२ ने गुणायचं, १४९ मिळवायचे, म्हणजे केल्विन येतं. मग २७३.१५ वजा. पन्नास हजार म्हणजे ४६.७५ अंश. ही जमिनीच्या, छपराच्या, डांबराच्या पृष्ठभागाची उष्णता. आपण पेपरात वाचतो ते हवेचं तापमान वेगळं, सावलीत सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेलं. हे संस्थेला पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, नाहीतर "नागपूर ५० अंशांवर" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला वेळ लागत नाही.

अजून एक. फाइल ३० मीटरच्या चौकोनांत येते, पण उष्णता मोजणारं उपकरण पाहतं १०० मीटरचा तुकडा. चौकोन नंतर बारीक केलेले असतात. वस्तीतली तीस-चाळीस घरं, नाला आणि रेल्वेची खडी, सगळं एका आकड्यात. एका घराबद्दल या फाइलला काही विचारू नये.

२५ फेब्रुवारी

नकाशा छापला आणि सगळे गप्प. शहर निळं-पिवळं, भोवतालची शेतं लालभडक! अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स थंड दिसले ते बरोबरच. पण इतवारीच्या दाट वस्तीपेक्षा उमरेड रोडकडची रिकामी शेतं जास्त तापलेली.

रंगाची पट्टी उलटी लागली की काय म्हणून अर्धा दिवस तपासण्यात गेला. पट्टी ठीक होती. एप्रिल-मेमध्ये पिकं निघून गेलेली असतात, काळी माती उघडी आणि कोरडी, ती सकाळपासून भराभर तापते. शहरात भिंतींची सावली, झाडं, सिमेंटची जाडी, म्हणून तिथे तापायला वेळ लागतो. उपग्रह जातो सकाळी साडेदहाच्या सुमाराला. त्या वेळी शेत पुढे आणि शहर मागे असतं. भारतातल्या बऱ्याच कोरड्या शहरांत उन्हाळ्यात दिवसाचं चित्र असंच येतं. रात्री उलट: शेत लवकर निवतं, शहर धरून ठेवतं.

यावरून दोन गोष्टी ठरवल्या. शहराची तुलना बाहेरच्या शेतांशी करायचीच नाही. महापालिकेच्या हद्दीत फाइल कापायची आणि प्रत्येक चौकोन शहराच्या मध्यकापेक्षा किती वर-खाली तेवढं दाखवायचं. आणि रात्रीची माहिती कुठून तरी आणायची.

३ मार्च

रात्रीसाठी मोडिस हे उपग्रहावरचं उपकरण आहे, पण एक किलोमीटरचा चौकोन. अख्ख्या नागपुरात असे दोनशेच्या वर चौकोन मावतात. आमच्या वस्त्या दोन चौकोनांत संपल्या. मध्य नागपूर काठांपेक्षा रात्री उष्ण, एवढं कळलं. ते गच्चीवर झोपणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

मग इकोस्ट्रेस. हे उपकरण २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आहे, ७० मीटरच्या आसपासचं चित्र देतं आणि स्थानकाची वेळ सरकत असल्याने कधी पहाटेचं, कधी रात्रीचं चित्र मिळतं. अडचण अशी की काही चित्रं जमिनीवर नीट बसत नाहीत, सरकलेली असतात. आम्ही फुटाळा आणि अंबाझरीचे काठ धरून एकेक चित्र हाताने सरकवलं. रात्री पाणी जमिनीपेक्षा उबदार असतं, त्यामुळे तलाव लख्ख उठून दिसतात आणि काठ जुळवणं सोपं जातं. दिवसाच्या चित्रात तलाव निळे पाहिलेल्या विद्यार्थ्यांना ते लाल दिसल्यावर फाइल बिघडली असं वाटलं.

५ मार्च

प्रभागाच्या हद्दी फक्त पीडीएफमध्ये मिळाल्या, अक्षांश-रेखांश काहीच नाही. उड्डाणपुलाची टोकं, रेल्वे फाटक, चौक असे बिंदू धरून क्यूजीआयएसमध्ये बसवल्या. दोन संध्याकाळी गेल्या. एवढं करून संस्थेला प्रभाग नकोच होते. त्यांचे कार्यकर्ते वस्तीच्या आणि गल्लीच्या नावाने काम करतात. आधी विचारलं असतं तर वाचलं असतं.

१० मार्च

नकाशा घेऊन वस्तीत गेलो. ज्या वस्तीला संस्था सगळ्यात वाईट म्हणते, ती आमच्या नकाशात शहराच्या मध्यकापेक्षा दीड अंश थंड. बचत गटाच्या एक काकू कागद उलटा-सुलटा करून पाहत होत्या. म्हणाल्या, "आमची वस्ती थंडी दिसून राहिली का तुमच्या नकाशात? मंग मे महिन्यात येऊन राहा ना इथं. दुपारी लेकरू टिनाखाली ठेवता येत नाई आमाले."

उत्तर नव्हतं. अकराशे रुपयांचं बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर सोबत होतं. त्यांच्या शेजारच्या घराचं छप्पर खालून हात पोचेल इतकं उतरतं. दुपारचा एक वाजलेला, टिन दोन-तीन वर्षांचं, अजून चकाकतं. थर्मामीटर रोखला: २९ अंश. हवाच ३५ च्या पुढे होती. एका विद्यार्थ्याने बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

दादाच्या बॅगेत काळी इन्सुलेशन टेप होती. बोटभर तुकडा टिनावर चिकटवला, दोन मिनिटं थांबलो, टेपवर रोखून पाहिलं: ५७. टेपच्या बाजूला दोन बोटं सरकवलं: पुन्हा २९. गल्लीतली पोरं जमली आणि प्रत्येकाला दोन्हीकडे रोखून पाहायचं होतं. पलीकडच्या घरावरचं गंजून तपकिरी झालेलं टिन टेपशिवायही ५४ दाखवत होतं.

कारण साधं आहे. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार थोडी बाहेर टाकतो आणि वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. थर्मामीटर त्या प्रतिबिंबाला धातूचं तापमान समजतो. उपग्रहाचंही तेच होतं. लँडसॅटच्या तयार तापमान-फाइलमध्ये पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो याची दुरुस्ती असते, पण ती ॲस्टर या जुन्या उपकरणाच्या २००० ते २००८ मधल्या नोंदींवर बेतलेली आहे, झाडोरा बदलला तर थोडीफार सुधारलेली. तेव्हा कवेलूंचं (कौलांचं) असलेलं घर आता टिनाचं झालं, हे त्या फाइलच्या गावीही नाही. म्हणजे टिन जितकं नवं, वस्ती तितकी नकाशात थंड. आणि वस्ती जितकी गरीब, तितकं टिन जास्त.

हा नकाशा तसाच छापून दिला असता तर जाळ्या भलतीकडे गेल्या असत्या. झाडांच्या सावलीसाठी आणि मोकळ्या मैदानांसाठी लँडसॅट ठीक आहे. टिनाच्या वस्तीसाठी त्याचा आकडा घेऊ नका.

१६ मार्च

आजपासून आचारसंहिता. महापालिकेत २०२२ पासून प्रशासकच आहेत, त्यामुळे नगरसेवकांकडे जायचा प्रश्न नव्हताच, पण विभाग कार्यालयाकडून सार्वजनिक जागेवर जाळ्यांची परवानगी आता जूनपर्यंत लांबणार असं दिसतंय. खासगी भिंतींना बांधता येतील अशा जागा शोधायला लागलो.

नवा बेत: उष्णतेऐवजी छप्परं मोजायची. गूगलच्या ओपन बिल्डिंग्जमध्ये भारतातल्या इमारतींच्या बाह्यरेषा फुकट मिळतात. धरमपेठेतल्या बंगल्यांना त्या छान बसतात. आमच्या वस्तीत मात्र भिंतीला भिंत लागलेली बारा-पंधरा घरं एकच मोठा ढेकूळ होऊन येतात. ते हाताने कापावे लागले.

छपरांचे प्रकार उपग्रहचित्रावर डोळ्यांनी ओळखून भरले: चकाकतं टिन, गंजकं टिन, स्लॅब, कवेलू, ताडपत्री. स्लॅब ओळखण्याची खूण म्हणजे वरची काळी पाण्याची टाकी. ताडपत्री फसवते, कारण बऱ्याच घरांत ती टिनावरच गळतीसाठी टाकलेली असते. अशांना "टिन, वर ताडपत्री" असा वेगळा प्रकार दिला. चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते पाहून घ्या. पावसाळ्याच्या आधी-नंतर ताडपत्र्यांची संख्या पार बदलते.

३१ मार्च

घरात मोजायच्या यंत्रांचं काम. एका संचात ईएसपी३२ हा छोटा संगणक-बोर्ड, तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी२२ सेन्सर, मेमरी कार्डाची पट्टी आणि बॅटरी. सीताबर्डीत सुटे भाग घेतले तर एक संच नऊशेच्या आत बसतो.

पहिला घोळ वीजपुरवठ्याचा. घरात पडलेल्या पॉवर बँका लावल्या. बोर्ड मोजून झोपी जातो, त्या वेळी वीज इतकी कमी ओढतो की पॉवर बँकेला वाटतं फोन काढला, आणि ती स्वतःच बंद होते. सकाळी कार्डावर एकच ओळ. आता १८६५० जातीचे रिचार्जेबल लिथियम सेल आणि साधा होल्डर. हे सेल थेट टिनाला लागून ठेवायचे नाहीत, भिंतीच्या खालच्या अंगाला, लांब वायरीने.

दुसरा घोळ: सेन्सर बोर्डाला चिकटून असेल तर बोर्डाची स्वतःचीच गरमी मोजतो. दीड-दोन अंशांचा फरक येत होता. हातभर वायर टाकून सेन्सर वेगळा टांगला. तिसरा: बोर्डाचं आतलं घड्याळ मागे पडतं. दीडशे रुपयांचं डीएस३२३१ घड्याळ लावलं आणि तो विषय संपला.

बाहेर गल्लीत लावायच्या सेन्सरवर ऊन पडलं तर आकडा निरर्थक होतो. तयार पांढरी झाकणी महाग. कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या थाळ्या घेतल्या, मधोमध भोक पाडून लांब बोल्टवर अंतर ठेवत उलट्या रचल्या आणि सेन्सर मधल्या पोकळीत टांगला. साध्या डब्यात ठेवलेला त्याच जातीचा सेन्सर उन्हात सहा अंश जास्त दाखवत होता. घराच्या आत ही झाकणी लागत नाही, पण आत दुसरी गरज असते: टिनाकडून डोक्यावर येणारी झळ हवेच्या तापमानात दिसत नाही. त्यासाठी टेबल टेनिसचा चेंडू काळ्या मॅट रंगाने रंगवून आत सेन्सर घातला. प्रमाणित गोळा १५० मिलिमीटरचा असतो आणि तो आमच्या खिशाला झेपत नाही. चेंडू वाऱ्याने लवकर निवतो, म्हणून पंख्याच्या समोर टांगायचा नाही.

१२ एप्रिल

अवकाळी. या आठवड्यात पाऊस आणि वादळ, नकाशाचं सोडा, नमुन्यादाखल टिनावर मारलेला चुना धुऊन नाल्यात गेला. चुना स्लॅबवर बसतो. गुळगुळीत टिनावर त्याला धरायला काही नसतं, त्यात डिंक घातला तरी पापुद्रे निघतात. टिन घासून, प्रायमर मारून बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दिला तर टिकतो, पण खर्च तिप्पट. संस्थेच्या बजेटात आता पूर्वीपेक्षा एक-तृतीयांश घरंच बसतात, म्हणजे घरांची निवड आणखी महत्त्वाची झाली.

१९ एप्रिल

आज नागपुरात मतदान. सुट्टीचा फायदा घेऊन मतदान करून आल्यावर सर्वेक्षण. कोबोचा फॉर्म ऑफलाइन चालतो, ते उत्तम. प्रश्न मुद्दाम थोडे ठेवले: छप्पर कशाचं, दुपारी बारा ते चारमध्ये घरात कोण असतं, कूलर आहे का, पाणी किती वाजता येतं, रात्री कुठे झोपता.

अरुंद गल्लीत फोनचं जीपीएस पंधरा मीटर इकडेतिकडे जातं, म्हणजे तीन घरं पलीकडे. शेवटी घरांच्या बाह्यरेषांवर क्रमांक टाकून ए-थ्री कागदावर नकाशा छापला आणि फॉर्ममध्ये जीपीएसऐवजी तो क्रमांक भरायला लावला. एका कागदाचे चाळीस रुपये. सगळ्यात चांगला झालेला खर्च. दुपारी फोन तापून स्क्रीन मंदावते, तेव्हाही कागद चालतो.

"दुपारी घरात कोण" या प्रश्नाला पुरुषांनी "कोणी नाही" असं उत्तर दिलं आणि मागे उभ्या बायकोने दुरुस्त केलं, असं बऱ्याच घरांत झालं. बिडी वळणं, कपड्यांना बटणं लावणं, पापड, हे घरात बसून करायचं काम "घरात असणं" धरलं जात नाही. प्रश्न बदलून "दुपारी घरात बसून काम कोण करतं" असा केला आणि जुनी घरं पुन्हा विचारली.

२८ एप्रिल

यंत्रांची पहिली खेप हाताशी आली आणि कामाची दिशा बदलली.

टिनाच्या एका खोलीत दुपारी तीनला हवा ४५.५ आणि काळा चेंडू ४९. त्याच वेळी बाहेर गल्लीत, थाळ्यांच्या झाकणीत, ४२. म्हणजे घरापेक्षा गल्ली बरी. रात्री दहाला तीच खोली ३४ वर, बाहेरच्या बरोबरीला. टिन पातळ असतं, सूर्य मावळला की निवतं.

पन्नास पावलांवर दुमजली स्लॅबचं घर, वरची खोली भाड्याने दिलेली. दुपारी तीनला तिथे ३९, टिनापेक्षा कितीतरी बरी. पण संध्याकाळी आकडा वर चढत गेला, रात्री नऊला ३९.५, पहाटे तीनलाही ३६. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्रभर ओकत होता. त्या खोलीतला मुलगा गोदामात हमाली करतो. दिवसा उन्हात, रात्री या खोलीत, अंगाला निवायला वेळच नाही.

मोबाइलवर हे दोन आलेख एकावर एक ठेवून पाहिले आणि "सगळ्यात जास्त तापतं कुठे" हा प्रश्नच अपुरा आहे हे दिसलं. किती वाजता आणि कोणासाठी, हे जोडल्याशिवाय नकाशा काढता येणार नाही. दुपारी टिनाखालची बाई आणि तिचं लेकरू. रात्री स्लॅबखालचा कामगार. एकाच लाल रंगात दोघांना बसवलं तर दोघांनाही चुकीचा उपाय मिळतो. टिनवाल्यांना दुपारी चार तास बसायला सावलीची जागा हवी, स्लॅबवाल्यांना छपराला पांढरा रंग. स्लॅबवर साधा चुनाही टिकतो, म्हणजे तो उपाय स्वस्तात होतो!

कूलरबद्दल एक नोंद. खिडकी नसलेल्या एका टिनाच्या घरात कूलर आत ठेवून दार लोटलेलं होतं. तापमान चार अंशांनी उतरलं, पण आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर. घाम सुकेना, आजी दारात येऊन बसल्या. कूलरला आत यायला बाहेरची कोरडी हवा लागते आणि निघायला वाट. फॉर्ममध्ये "कूलर आहे" एवढंच विचारून ते घर सुरक्षित धरलं होतं. आता "कूलर खिडकीत की आत" असा रकाना वाढवला.

७ मे

दोन नकाशे झाले: दुपारचा आणि रात्रीचा. घर हे एकक, छपराचा प्रकार, घरातली माणसं, पाणी आणि कूलर यांवरून तीन गट. उपग्रहाची फाइल आता फक्त खाली फिकट करड्या रंगात, झाडं आणि मोकळी जागा समजायला.

रंगांवरून वाद झाला. पहिल्या मसुद्यात लाल होतं. बैठकीला आलेले एक स्थानिक पुढारी म्हणाले, लाल काढा, प्लॉटचे भाव पडतील. दुसरीकडच्या लोकांनी विचारलं, आम्ही लाल का नाही, आम्हाला जाळी नको का? दोन्ही बाजूंनी लाल म्हणजे शिक्का समजला जात होता. शिवाय निळा-ते-लाल पट्टीत एका अंशाचा फरकही भयंकर दिसतो, टोकं कुठे धरली यावर सगळं अवलंबून. लाल-निळा काढून जांभळ्याच्या तीन छटा घेतल्या आणि कोपऱ्यात अंशांऐवजी "आधी", "नंतर", "यंदा नको" असं लिहिलं. घरमालकाचं नाव किंवा आजार या नकाशात नाही, ते रकाने वेगळ्या फाइलमध्ये, संस्थेच्या एकाच व्यक्तीकडे.

१४ मे

पाणपोयांच्या जागा. सध्याच्या पाणपोयांपासून ३०० मीटरचं वर्तुळ काढायला सांगितलं तर क्यूजीआयएसने सगळी पृथ्वी रंगवली. फाइल अक्षांश-रेखांशात होती, त्याने ३०० अंश धरले. मीटरमध्ये मोजणारी पद्धत नागपूरसाठी यूटीएम ४४ उत्तर, क्यूजीआयएसमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४, त्यात बदलून घ्या.

पण वर्तुळही खोटं. मधे रेल्वेलाइन आहे. कागदावर १८० मीटर, चालत गेलं तर पादचारी पुलाला वळसा घालून सव्वा किलोमीटर, तेही दुपारी. रस्त्यांच्या जाळ्यावरून चालण्याचं अंतर काढणारं साधन क्यूजीआयएसमध्येच आहे, मात्र ओपनस्ट्रीटमॅपवर वस्तीतल्या बोळांपैकी निम्मेही नव्हते. विद्यार्थ्यांनी ते चालून काढले आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चढवले. नाल्यावरच्या दोन फळ्यांचा पूलसुद्धा टाकला, कारण अर्धी वस्ती तिथूनच जाते. भिंतीला पडलेलं भगदाड मात्र टाकलं नाही. लोक तिथून रूळ ओलांडतात, आणि आमच्या नकाशाने कुणाला त्या वाटेने पाणी प्यायला पाठवू नये.

नव्या हिशेबात पलीकडच्या बाजूला एकही पाणपोई पोचत नव्हती. संस्थेची जुनी तिन्ही ठिकाणं लाइनीच्या एकाच अंगाला.

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू. जाळ्या बांधल्या, पाणपोई लाइनीपलीकडे हलवली. दुपारच्या सावलीसाठी एका समाजभवनाचं दार बारा ते पाच उघडं ठेवायचं ठरलं. नकाशाने जागा दाखवली, पण किल्ली कोणाकडे राहील याला नकाशापेक्षा जास्त वेळ लागला.

जाळी टिनापासून किती अंतरावर बांधायची हा विषय कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. टिनाच्या वर हातभर अंतर सोडून बांधली तर मधून हवा खेळते आणि आतलं दुपारचं तापमान तीन-साडेतीन अंशांनी उतरलं. टिनाला टेकवून बांधलेल्या घरात फरक एक अंशही नाही. पहिल्या दिवशी बांबू वाचवायला टेकवून बांधल्या होत्या. सोडून परत बांधल्या.

कळमन्याच्या बाजाराकडे हमालांसाठी जागा विचारली. त्यांनी नकाशा न बघताच सांगितलं: ट्रक उभे राहतात तिथे सावली असते, आम्हाला सावली नको, बसल्यावर मजुरी बुडते. माल उतरवण्याच्या वेळा सकाळी लवकर करा म्हणाले. ते आमच्या हातात नाही. वेळांचा तक्ता करून संस्थेला दिला आहे, बाजारातल्या लोकांशी संस्थेचे लोक बोलतील.

३१ मे

काल नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि दिवसभर फोन. "तुमच्या नकाशात आलं का?" नागपूरची आजवरची नोंद ४७.९, २३ मे २०१३ ची. ५६ हा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा असल्याचं हवामान खात्याने स्पष्ट केलं आहे.

आम्हीही त्या निमित्ताने सगळे संच एका खोलीत, एका दोरीवर, रात्रभर टांगून पाहिले. बहुतेक अर्ध्या अंशाच्या आत. एक मात्र बाकीच्यांपेक्षा २.८ वर. तो मेच्या सुरुवातीपासून एका घरात होता आणि त्याच्या जोरावर ते घर "आधी" गटात गेलं होतं. टिनाची धूळ आणि चुलीचा धूर सेन्सरच्या जाळीत बसलेला. त्याच्या नोंदी काढून टाकल्या, घर "नंतर"मध्ये आलं, पण तिथे जाळी आधीच बांधली आहे, ती राहू दे. पुढच्या वर्षी यंत्रं लावण्याआधी, मधे एकदा आणि काढल्यावर, अशी तीन वेळा दोरीवरची तपासणी.

९ जून

हिशेब. यंत्रं, सेल, घड्याळं, टेप, थाळ्या, चेंडू मिळून अकरा हजारांच्या थोडं वर. छपाई अडीच हजार. थर्मामीटर अकराशे. जाळ्या, बांबू आणि रंग संस्थेच्या खात्यावर, ते यात नाही. उपग्रहाच्या फाइल फुकट, पण सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच खाल्ला. आता पुन्हा करायचं झालं तर मी छप्परं आणि सर्वेक्षणापासून सुरुवात करेन आणि लँडसॅटला एक दुपार देईन.

चंद्रपूर आणि अकोल्याच्या गटांसाठी कोबोचा फॉर्म, छपरांच्या प्रकारांची यादी आणि क्यूजीआयएसची रंगांची फाइल एकत्र करून ठेवली आहे. फॉर्ममध्ये "दुपारी घरात बसून काम कोण करतं" हा प्रश्न बाईलाच विचारायचा, अशी सूचना वर टाकली आहे. चंद्रपुरात वीज केंद्राच्या वसाहतीची घरं आणि टिनाची वस्ती शेजारीशेजारी येतील, तिथे ओपन बिल्डिंग्जचे ढेकूळ कापायला वेळ धरून चाला.

बाकी राहिलेलं: स्लॅबच्या ज्या खोल्यांना चुना मारला त्यांच्या रात्रीच्या नोंदी पाऊस सुरू व्हायच्या आत कार्डावरून उतरवायच्या आहेत. दोन घरं कुलूप लावून गावी गेली आहेत, किल्ली शेजारी आहे म्हणतात.